माझं पुस्तक आणि बोंबील वाळवणारी

निवृत्त झाल्यावर मी धाकट्या डहाणूच्या अंगणवाडीत पोरांना पुस्तकं वाचून दाखवायला जायची, आणि पहिल्याच दिवशी गाढवपणा केला. गोष्टीआधी फर्मान सोडलं, "हाताची घडी, तोंडावर बोट!" चार वर्षांच्या पोरांना! मोठी विदुषी लागून गेले होते.

दुसऱ्या पानाला पोरं पसार व्हायची ती थेट समोरच्या अंगणात. तिथे एक बाई बोंबील वाळत घालायची. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते दोरीवर टाकायचे, आणि तोंडाने गोष्ट चालू. नाव मी कधी विचारलं नाही, इतका राग यायचा तिचा! मधेच हात थांबवून ती म्हणायची, "मंग? वाघ कुटं लपला असंल?" की पोरांचा कालवा. कुणाचंच उत्तर ती खोटं पाडत नसे.

एकदा तणतणत तिथे गेले, तर पोरांनी अंगणवाडीतून पळवलेलं माझंच पुस्तक टोपलीवर उघडं! महिनाभर माझ्यापुढे ब्र न काढलेली चिमुरडी अक्षरांवर बोट ठेवून तिला विचारत होती, "आजी, इथं काय लिवलंय?"

बाईला वाचता येत नव्हतं. तिने पुस्तक माझ्याकडे सरकवलं. मला तर जोरच चढला. घडाघडा सगळं वाचून टाकलं, शिवाय तात्पर्यही सांगितलं. पोरगी पुन्हा गप्प.

बाईने हातातली जोडी दोरीवर टाकली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मॅडम, गोष्ट चांगली हाय तुमची. पन सगळी एकट्याच खाता. पोरीला चाखू तरी द्या!"