फेस धरणारं पाणी
दाढीच्या साबणाचा वास आला की बदलापुरातलं आमचं नवं बिऱ्हाड आठवतं. तिथे बोअरिंगच्या पाण्यात साबणाला फेसच यायचा नाही. बायका पाण्याची पारख करायच्या ती ‘फेस धरतं का?’ असं विचारूनच. एके दिवशी ताईला बघायला पाहुणे येणार होते. अर्धांगवायूने बाबांचं डावं अंग गेलं होतं, पण पाहुण्यांसमोर दाढीचे खुंट घेऊन बसायचं नाही, हा त्यांचा हट्ट. मी ब्रश घासत होतो आणि त्यांच्या गालावर नुसता चिकट पांढरा थर जमत होता. “अरे, तुझा फेस येईपर्यंत पाहुणे जेवून जातील!” आई स्वयंपाकघरातून ओरडली. शेवटी खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी गावातल्या विहिरीवरून आणलेलं पिण्याचं पाणी तांब्याभर दिलं. “जपून हं भाऊजी, पुन्हा विहिरीवर धाडू नका मला.” त्या पाण्याने मऊ, दाट फेस आला. मी तो दोन्ही गालांना लावला. बाबांनी उजवा गाल चाचपला, हसले आणि म्हणाले, “आता डाव्याला लाव.” डाव्या गालावरचा फेस हनुवटीपर्यंत ओघळत होता. “लावतो, बाबा,” म्हणत मी त्याच गालावर पुन्हा ब्रश फिरवू लागलो आणि ते फेस लागल्याचं जाणवायची वाट बघत बसले.