इटलीपर्यंत पोचलेले हौसराव सर

शिरूरपासून दौंडपर्यंत कुणाचाही दहावा असो, प्रवचनाला हौसराव सर हवेतच. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस. मानधन घेत नसत. चहा मात्र दोनदा लागे. प्रवचन ठरलेलं. आपल्याकडं चौऱ्याऐंशी लक्ष योनी फिरून मिळणारा नरदेह, बुद्धांच्या धम्मात दुर्मिळ मानलेला मनुष्यजन्म, आणि पाचशे वर्षांपूर्वी इटलीतल्या पंडितांनी गायलेली माणसाची थोरवी.

"तिघांची कधी गाठ न्हाई, पर बोलणं एकच!" सर हात उंचावत. "माणसाला जागा नेमून दिलेली न्हाई. वर चढायचं का खाली घसरायचं, ज्याचं त्यानं ठरवायचं."

इटलीचं नाव निघालं की मागच्या रांगेतले म्हातारे टोप्या सारख्या करत.

घरी कस्तुराबाईंना मात्र जागा नेमून दिलेली होती, ओट्यापुढं. चाळीस वर्षं त्यांनी इटली ऐकली ती कुकरच्या शिट्ट्यांमधून.

त्या गेल्या. दहाव्याला घोडनदीच्या घाटावर सर पहिल्यांदाच श्रोत्यांत बसले. पिंड मांडले. समोरच्या पत्र्यावर आठ-दहा कावळे होते; एकही खाली येईना.

"आई, मोनालीताईला दर सणाला माहेरी आणीन," मुलगा विश्वजीत हात जोडून म्हणाला.

कावळे ढिम्म.

"तुझी तुळस हलवणार न्हाई."

ढिम्म.

"कावळ्यांची बी शिफ्ट बदलली का काय?" रांजणगावच्या कंपनीतलं कुणीतरी पुटपुटलं.

गुरुजींना पुढचं काम होतं. "सर, बाईंची काही इच्छा राहिली असंल. तुम्हीच सांगा. तुम्हाला ठाऊक असणारच."

सर उठले. बुद्धांनी काय सोडलं आणि इटलीच्या पंडितांना काय हवं होतं, हे त्यांना तोंडपाठ. कस्तुराबाईंना काय हवं होतं? पैठणी? की ती मोनालीनं मागितली होती? दोनशे माणसं वाट बघत होती.

"तुझ्या अस्थी काशीला नेतो," सर शेवटी म्हणाले.

बायकांतून कस्तुराबाईंची धाकटी बहीण कुशाबाई उठली. "काशी कशाला, दाजी? आक्काला दहावी व्हायचं होतं. लग्नासाठी सातवीतनं काढली तिला. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरनं परीक्षेला बसायचं म्हणत होती. तीनदा इचारलं तिनं तुमास्नी."

"मला?"

"व्हय. तवा तुमी इटलीत होता."

सरांना आठवलं. टाचणं काढता काढता ते हसून म्हणाले होते, "आता ह्या वयात? आत्मा काय मार्कशीट घिऊन जातो व्हय?" वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं, की वरवंडच्या दहाव्यात त्यांनी ते वापरलं. टाळ्या पडल्या होत्या. कस्तुराबाईंनी त्या दिवशी काय केलं, ते काही केल्या आठवेना.

"फॉर्म भरतो," सर पत्र्याकडं बघून म्हणाले. आवाज कुठल्याच प्रवचनात लागला नव्हता असा लागला. "उद्याच भरतो."

"कुणाच्या नावानं?" कुशाबाईनं विचारलं.

एक कावळा उडाला, तोही पलीकडच्या काठाला.

गुरुजींनी मग दर्भाचा कावळा वळून विश्वजीतच्या हातात दिला. दर्भाच्या कावळ्याला कबुली लागत नाही. तो लगेच शिवला. माणसं चपला शोधायला लागली.