अंबत्तूरच्या शंभर रिबिनी

"हे आता बंद झालंय" असं कुणी म्हटलं की विशालाक्षीबाईंचं डोकं सणकायचं. चेन्नईत पॅरीज कॉर्नरच्या एका जहाज कंपनीत त्यांनी सत्तावीस वर्षं स्टेनोची नोकरी केली होती. त्या काळात आधी टाइपरायटर बंद झाला, मग टेलेक्स, मग शॉर्टहँड घेणाऱ्या मुली आणि शेवटी त्या स्वतः. २००३ साली कंपनीने "स्वेच्छानिवृत्ती"चा कागद पुढे केला. "माझी इच्छा तुम्हाला कुणी सांगितली?" असं त्यांनी साहेबांना तोंडावर विचारलं आणि मगच सही केली.

निघताना त्यांनी एकच वस्तू मागितली. साहेबांनी चार वर्षांपूर्वी लंडनहून दोन छोटे संगणक आणले होते. चष्म्याच्या डबीहून जरा मोठे, डबीसारखेच उघडणारे, वर करडा पडदा आणि खाली खराखुरा कळफलक. पेन्सिल सेल दोनच लागत, आणि तेवढ्यावर महिनाभर चालत. साहेबांना ते वापरायची खुबी कधी साधली नाही. बाईंनी मात्र पहिल्याच दिवशी दहा बोटं त्या इवल्या कळांवर ठेवली आणि पत्र संपवूनच उचलली. बनवणाऱ्या कंपनीने २००१ सालीच ही जात बंद केली होती. "न्या हो त्यातला एक, भंगारच आहे," साहेब म्हणाले. बाईंनी ते भंगार पर्समध्ये घातलं आणि मांबलमची गाडी पकडली.

वेस्ट मांबलमच्या दोन खोल्यांत त्या आणि मुलगी जननी अशा दोघीच राहत. यजमान राघोत्तमराव एग्मोरला रेल्वेच्या कचेरीत होते. ते जाऊन तीन वर्षं झाली होती. घराणं तंजावरचं. घरात मराठी चालायची ती तमिळच्या चालीवर, आणि भांडण जरा रंगलं की निम्मी तमिळच. जननी सॉफ्टवेअर कंपनीत होती. आईच्या हातातलं यंत्र पाहिलं की तिला अवघडल्यासारखं व्हायचं.

निवृत्तीनंतर बाईंनी स्वतःचंच काम काढलं. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं, ते सांगतील ते टाइप करायचं. कुणाचं मृत्युपत्र, कुणाची अमेरिकेतल्या मुलाला पत्रं, कुणाच्या आठवणी. लॅपटॉप उघडून समोर बसलं की म्हातारी माणसं गप्प होतात, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. हे यंत्र मांडीवर मावायचं, पंख्यासारखं घरघरायचं नाही, आणि वीज गेली तरी थांबायचं नाही.

त्यांचं सगळ्यांत मोठं काम होतं अण्णा नगरच्या प्रतापसिंहांचं. वय शहाऐंशी. मद्रास बंदरात पायलट म्हणून तीस वर्षं त्यांनी परदेशी जहाजं आत आणून धक्क्याला लावली होती. तेही तंजावरकडचेच. सगळे त्यांना कॅप्टन म्हणत. आठवड्यातून तीन सकाळी ते खुर्चीत बसून बोलायचे आणि बाई लिहून घ्यायच्या.

२००४च्या जुलैत, एका वादळातल्या जहाजाची हकिकत ऐन भरात आली असताना, यंत्राच्या पडद्यावर आडव्या रेघा उमटल्या. मग पडदा सगळाच काळा झाला. कॅप्टनचे डोळे मिटलेले होते, आवाज चढलेला होता. या वयात माणसाला एकदा अडवलं तर ती आठवण पुन्हा त्याच जागी सापडेल याचा भरवसा नसतो. बाईंनी एक श्वास घेतला आणि काळ्या पडद्याकडे बघत टाइप करत राहिल्या. एक तास दहा मिनिटं. समोर एक अक्षर दिसत नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी झाकण जेमतेम चार बोटं उघडलं, तेव्हा पडदा उजळला. अकरा पानं उतरली होती. चुका मोजल्या तर सहा.

"अम्मा, पुरे आता," जननी म्हणाली. "ते मेलंय."

"पडदा मेलाय. यंत्र जिवंत आहे."

रिची स्ट्रीट म्हणजे चेन्नईतल्या सगळ्या बिघडलेल्या विजेच्या वस्तूंचं सासर. तिथे सुब्बा नावाच्या कारागिराचं फळकूटभर दुकान होतं. त्याने भिंग लावून यंत्र पाहिलं. "मामी, ही बघा. पडदा आणि खालचा भाग जोडणारी पट्टी. रिबीन म्हणतात हिला. कागदासारखी पातळ, आत तारा. झाकण उघडून-मिटून बिजागरीपाशी चिरलीये."

"बदल की मग."

"मिळायला नको? ती करणारेच राहिले नाहीत. नवं काही तरी घ्या."

बाईंनी इंग्लंडला कंपनीकडे पत्र टाकलं. उत्तर सभ्य होतं, टाइप निर्दोष होता, आणि अर्थ एवढाच होता, की आमच्याकडे आता काही नाही. दिवाळीला जननीने नवा, रंगीत पडद्याचा, पेनाने लिहायचा छोटा संगणक आणला. बाईंनी तो हातात घेतला, उलटापालटा केला.

"कळा कुठे आहेत?"

"पडद्यावरच दिसतात, अम्मा. टोचायचं."

"मी काय कोंबडी आहे, एकेक दाणा टोचायला?"

जननीच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनाही वाईट वाटलं. पण तो संगणक त्यांनी तिलाच वापरायला लावला. तोवर झाकण अर्धवट उघडून, मान वाकडी करून त्यांचं काम चालू होतं.

कॅप्टनना हे सगळं कळलं तेव्हा ते हसले. "बाई, आमच्याकडे एक टगबोट होती. मोठी जहाजं ओढणारी. तिचे सुटे भाग ग्लासगोहून यायचे. ते बंद झाले. वर कळवलं, तर बोट मोडीत काढा म्हणाले. आम्ही काय केलं ठाऊक आहे? रॉयपुरमच्या लोहाराकडून भाग घडवून घेतले. नंतर चौदा वर्षं चालली ती."

दुसऱ्या दिवशी बाई जननीला म्हणाल्या, "तुझ्या त्या इंटरनेटवर माझ्यासारखे वेडे कुठे भेटतात ते दाखव."

वेडे होते. जगभर चारशे-पाचशे जण या बंद पडलेल्या यंत्राला कवटाळून बसले होते आणि एकमेकांना पत्रं लिहीत होते. बहुतेकांचं दुखणं तेच, चिरलेली रिबीन. हॉलंडच्या एका शाळामास्तराने तिची मापं आणि तारांचा नकाशा काढून ठेवला होता. पण बनवून देणारा कुणी भेटत नव्हता. बाईंनी नकाशा छापून घेतला, पदर खोचला आणि अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत दारोदार हिंडल्या. सात ठिकाणी नकार मिळाला. आठव्या ठिकाणी रघुराम नावाचे मालक भेटले. त्यांच्या कारखान्यात गाड्यांच्या मीटरसाठी अशाच वाकणाऱ्या पट्ट्या बनत.

"एक करून मिळेल?" बाईंनी विचारलं.

रघुरामना हसू आलं. "एकीसाठी साचा लावत नाहीत, मॅडम. शंभर तरी घ्याव्या लागतील."

"घेते शंभर."

"शंभरचं काय करणार?"

"ते माझं मी बघीन. तुम्ही मापात चूक करू नका म्हणजे झालं."

जानेवारीत पोंगल झाल्यावर शंभर रिबिनी आल्या. पिवळसर, कांद्याच्या पापुद्र्यासारख्या. सुब्बा म्हणाला, मी बसवतो. बाईंनी ऐकलं नाही. वर्षानुवर्षं टाइपरायटर स्वतः उघडून साफ केलेली बाई ती. स्वयंपाकघराच्या ओट्यावर पांढरं फडकं अंथरून त्यांनी यंत्र खोललं. तीन तास सगळं सुरळीत झालं, आणि शेवटी रिबीन खाचेत सरकवताना कट्ट असा आवाज आला. खाचच तुटली. यंत्राने मान टाकली. आता चार बोटं उघडूनही काही दिसेना.

बाई ओट्यापाशी तशाच उभ्या राहिल्या. मजकूर सगळा मेमरी कार्डावर वेगळा सुरक्षित होता, त्याची धास्ती नव्हती. पण आपल्याच हातांनी घात केला होता, आणि कपाटात नव्व्याण्णव रिबिनी होत्या. जननी आतून आली, सगळं पाहिलं. तिने ओट्यावरचे स्क्रू वेचून वाटीत ठेवले, हे बाईंना जास्त झोंबलं.

त्यांनी जगभरच्या त्या मंडळीला पत्र लिहिलं. काही लपवलं नाही. "रिबीन उत्तम आहे. माझा हात वाईट निघाला. माझं यंत्र मी मारलं. ज्यांना रिबीन हवी त्यांना पाठवते. आणि कुणाकडे पुरतं मेलेलं यंत्र असेल तर मला पाठवा. मला हात बसवायचा आहे."

कॅप्टनकडे त्या वही-पेन्सिल घेऊन जाऊ लागल्या. शॉर्टहँड विसरलं नव्हतंच.

दीड महिन्याने विदेशी टपाल कचेरीतून बोलावणं आलं. नॉर्वे, पोलंड, न्यूझीलंड अशा ठिकाणांहून पाच पुडकी येऊन पडली होती. खिडकीपलीकडच्या तरुण अधिकाऱ्याने एक यंत्र उचलून विचारलं, "मॅडम, संगणकांचा धंदा आहे का तुमचा? हे विकण्यासाठी आहेत?"

"विकायला? एक तरी चालू करून दाखवा."

त्याने प्रत्येकाची कळ दाबून पाहिली. एकही चालू होईना.

"मग हे मागवलं कशाला?"

"जिवंत करायला."

त्याने त्यांच्याकडे पाहिलं, फॉर्मवरच्या रिकाम्या रकान्याकडे पाहिलं, आणि साहेबांना विचारून आला. शेवटी "बंद पडलेली उपकरणे, शिकण्यासाठी" असं लिहून पुडकी हातात दिली. शिकण्यासाठी! छप्पन्नाव्या वर्षी हा शब्द आपल्या नावापुढे लागल्याचं बाईंना इतकं बरं वाटलं, की येताना त्यांनी सरवण भवनात बसून एकटीने कॉफी घेतली.

मग रोज दुपारी सुब्बाच्या दुकानात स्टूल टाकून त्या बसू लागल्या. खाच कशी सैल करायची, चिमटा कसा धरायचा, श्वास कधी रोखायचा, हे त्याने शिकवलं. आधी तो हसायचा, नंतर इतर गिऱ्हाइकांना थांबवून शिकवायचा. पहिलं यंत्र पुन्हा मेलं. दुसऱ्याचा पडदा उलटा लागला. तिसरं, नॉर्वेचं, ऑगस्टात एका दुपारी झाकण पूर्ण उघडूनही लख्ख उजळलं. सुब्बाने शेजारच्या चार दुकानदारांना हाका मारून बोलावलं.

नॉर्वेच्या गृहस्थांनी कळवलं, ते तुमच्याकडेच ठेवा. बाईंचं पहिलं यंत्र काही उठलं नाही. त्याच्या कळा त्यांनी या नव्यात बसवल्या, कारण बोटांना त्यांची सवय होती. दुसऱ्या दिवशी त्या अण्णा नगरला गेल्या. कॅप्टननी यंत्र बघितलं आणि म्हणाले, "आली का बोट पाण्यात? मग बसा. सत्तेचाळीस सालचा ऑगस्ट राहिलाय अजून."

ते पुस्तक दीडशे प्रतींत छापलं गेलं. कॅप्टननी स्वतःच्या हाताने त्यातल्या साठ वाटल्या. पुढल्या वर्षी ते गेले.

रिबिनी मात्र निघाल्या जगाच्या सफरीला. कुणी नुसती रिबीन मागवायचं, कुणी यंत्रच धाडायचं. ब्राझीलचा एक पाद्री, स्कॉटलंडची एक पक्षी मोजणारी बाई, जपानचा एक आंधळेपणाकडे झुकलेला प्राध्यापक, ज्याला त्या कळा अंधारातही सापडत. मांबलमच्या पोस्टमनला सतरा देशांचे स्टॅम्प पाठ झाले. "हे किती दिवस चालणार?" असं शेजारच्या मंडळींनी विचारलं, की बाई म्हणायच्या, "बंद करणाऱ्यांना विचारा. मी चालू करणाऱ्यांतली आहे."

२००८ साली जननीने बेंगळुरूला घर घेतलं आणि आईला न्यायला आली. तिचा आग्रह खरा होता. बाईंचे गुडघे दुखत, जिने तीन होते.

"अम्मा, तिथे लिफ्ट आहे. तुला वेगळी खोली ठेवलीये. टेबल मोठं, उजेड चांगला. सगळी यंत्रं घेऊन चल."

बाई खुर्चीत बसून पोर्तुगालच्या एका यंत्राचे स्क्रू काढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"उजेड इथेही आहे. आणि सुब्बा तिथे कुठे मिळणार मला?"

"तू साठीला आलीस. फोनवरसुद्धा आता सगळं होतं. ही मंडळी एकेक करून सोडून देतील, अम्मा. मग?"

"देऊ देत. शेवटचा जो राहील त्याचं दुरुस्त करीन."

"आणि शंभर रिबिनी संपल्यावर?"

"नव्वद संपल्या." बाईंनी स्क्रू वाटीत टाकला. "रघुराम म्हणाले, साचा मोडीत काढतोय. मी म्हटलं, हात तर लावून बघा. दुसऱ्या शंभर सांगितल्यात. सोमवारी आणायला जायचंय अंबत्तूरला. तू थांबणार असलीस तर चल. बस दोन बदलाव्या लागतात."