साध्या पाण्याने धुतलेल्या नळ्या

शेवाळे मॅडमची आणि माझी ओळख झाली ती त्यांच्या रागावण्यातून. नव्वदच्या दशकात मी पेठ तालुक्यातून नाशिकला रसायनशास्त्रात एम.एस्सी. करायला आले. पहिल्याच प्रयोगाला मला वहीत पेन्सिलीने लिहिताना त्यांनी पकडलं. "शाईनं लिही. आधी दिसलं ते, कारण नंतर. आणि खोडायचं नाही!" मॅडमनी पंचाहत्तरी गाठली, तरी हा कायदा बदललेला नाही.

आमच्या घरच्या तांदळाचं पिष्ट, म्हणजे स्टार्च, मी परीक्षानळ्यांत सुकवलं होतं. मॅडमनी ते काळ्या पडद्यामागे अतिनील दिव्याखाली धरलं, आणि ते चक्क निळं उजळलं. पुस्तकाप्रमाणे तसं व्हायचं कारणच नव्हतं. चमकणाऱ्या रेणूंत सहसा दुहेरी बंधांची साखळी असते, ती पिष्टात नाही. भरपूर गरम पाण्यात विरघळवलं की उजेड जायचा, आटवलं की परत यायचा. "सुटे असले की गप्प असतात गं," मॅडम म्हणाल्या, "दाटीनं बसले की उजळतात." कितीतरी दुपारी आम्ही दोघी त्या पडद्यामागे घामाघूम होऊन बसलो. त्या दुपारी मला आजही हव्याशा वाटतात, अगदी उकाड्यासकट.

पुण्याच्या एका परिषदेत मॅडमनी हे मांडलं. एका बड्या प्राध्यापकांनी विचारलं, "नळ्या कशानं धुतल्या होत्या?" कपड्यांच्या पावडरीतही निळं चमकणारं द्रव्य असतं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी गांगरले. "पावडरीनं असेल... नक्की आठवत नाही." सभागृहात हशा पिकला. मॅडमनी शांतपणे कागद आवरले. परतीच्या एसटीत त्यांनी एवढंच विचारलं, "जेवलीस का नीट?"

दुसऱ्या दिवशी मी वही उघडली. माझ्याच अक्षरात, शाईने लिहिलेलं होतं: 'नळ्या फक्त साध्या पाण्याने धुतल्या.' खाली मॅडमची तपासल्याची सही. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. भर सभेत मला खोटं पाडायला नको, म्हणून त्या गप्प बसल्या होत्या. मी वही मिटली आणि आजवर हे कुणाला सांगितलं नाही.

घोळक्याने बिलगलेल्या अशा रेणूंचा उजेड आता इतरांनाही दिसू लागला आहे. त्यांच्या लेखांत मॅडमचं नाव नाही. त्यांची तक्रार नाही. माझी आहे, आणि ती माझ्याचविरुद्ध आहे.

मॅडम, मोतीबिंदू काढल्यापासून तुम्हाला म्हणे सगळं लख्ख दिसतं. शंभरी ओलांडेपर्यंत तसंच दिसत राहो, गुडघेही कुरकुर न करोत. एकदा तो काळा पडदा लावून माझ्याशेजारी बसा. तांदूळ मी घरून आणते. आणि कुणी विचारलंच, तर या वेळी उभी राहून मी सांगेन, साध्या पाण्यानं.