दुसऱ्या फोनचा रकाना

आमच्या वाचनालयातल्या सभासदांची माहिती जुन्या सॉफ्टवेअरमधून नव्यात न्यायची होती. मी पुस्तक बदलायला गेलो तेव्हा ते काम अडलं होतं. जुन्यात शेरा लिहायला जागाच नव्हती, म्हणून ग्रंथपाल कुंदाताई इतकी वर्षं शेरे 'दुसरा फोन' या रकान्यात लिहीत आल्या होत्या. नव्याला तिथे फक्त आकडे हवे होते. 'पानांना हळदीचे हात लावतात' हा काही फोन नंबर नव्हे, असं ते दर सभासदापाशी थांबून सांगत होतं.

"पुसून टाका की," मी म्हणालो.

"नंबर काय, बदलतात. माणसं बदलतात का?" असं म्हणून ताईंनी वही काढली आणि एकेक शेरा हाताने उतरवायला घेतला. घर बदलताना सगळं सामान टेम्पोत जातं, पण तुळशीची कुंडी कुणीतरी मांडीवर घेऊनच बसतं, तसं.

मग माझं नाव आलं. मी मान लांब करून वाचलं : 'पुस्तकाचा शेवट इतरांना सांगतात.'

"हा एवढा उतरवायचा राहिला तरी चालेल," मी हळूच म्हणालो.

ताईंनी तो सावकाश वहीत उतरवला आणि पुढे लिहिलं, 'दुसऱ्यांचे शेरेही वाचतात.'