आसुपालवावर अशोकाची पाटी

घरामागे गुळवेलीचा मांडव, वाळ्याचे दोन वाफे, सव्वादोनशे कुंड्या आणि प्रत्येक कुंडीवर ब्रशने रंगवलेली पत्र्याची पाटी. सगळं माझ्या हातचं. झाडं मी कॉलेजात शिकलो नाही. एकेक पान पुस्तकाशी ताडून शिकलो.

आज सकाळी राहात्याजवळच्या, इंग्रजांच्या काळातल्या औषधी बागेत गेलो होतो. पाट्या गंजल्यात म्हणून नव्या रंगवून द्यायला तिथल्या व्यवस्थापकांनीच बोलावलं होतं. आत शिरताच दिसलं, एक ताई विळ्याने झाडाची साल काढतायत. पाटीवर ‘अशोक’. झाड मात्र शोभेच्या आसुपालवाचं. खोड सरळसोट, पानाची कड लाटांसारखी. औषधाचा अशोक असा नसतो.

“ताई, साल कशाला?”

“लेकीचं अंगावरून लई जातंय. काढा द्यायचाय.”

“हा तो अशोक नाही. आणि लेकीला आधी दवाखान्यात न्या.”

“मंग पाटी खोटं बोलती व्हय?”

“हो.”

त्यांनी पिशवी तिथंच रिकामी केली.

व्यवस्थापकांना झाड दाखवलं. ते म्हणाले, “साहेब, यादी पहिल्यापासून हीच हाय. वर कळवलं तर चौकशी लागंल. लोक फोटो काढून जात्यात. तुमी यादी हाय तशी पाट्यांवर उतरवा.”

मी म्हणालो, “ही एक पाटी बदलू द्या, बाकीच्या फुकट रंगवतो.” ते हसले.

तुमच्या गावातल्या बागेत पाटी आणि पान कधी ताडून पाहिलंय का?

दीडशे पाट्या, यादी आहे तशी, साठ हजार रुपये रोख. कामाला नकार देऊन आलो.