निरोगी असण्याचे पैसे

मी भित्रा आहे, हे आधीच सांगून टाकतो. दाताच्या डॉक्टरकडे जायचं म्हटलं तरी मला आदल्या दिवशीपासून जेवण जात नाही. असा माणूस औषधाच्या चाचणीसाठी स्वतःहून हात पुढे करून बसला, याचं मला अजून नवल वाटतं.

बी.ए.चं शेवटचं वर्ष होतं, विषय अर्थशास्त्र, त्यामुळे पैसा कसा वाढतो ते मला तोंडपाठ. वाढवायला तो आधी हातात लागतो, तिथेच सगळं अडलं होतं. तारनाक्याला दोन घरी शिकवण्या करून बघितल्या. पोरांच्या आया पैसे 'अगले हफ्ते' म्हणायच्या, आणि दर आठवड्याला तेच म्हणायच्या. त्यात बाबा नोकरीला होते त्या आबिड्सच्या कापड दुकानात गिऱ्हाईक उरलं नाही आणि मालकाने त्यांना एक दिवसाआड बोलवायला सुरुवात केली. त्यांच्याकडे फी मागायची माझी छाती होईना.

वर्गातला एक मित्र हे काम करून आला होता. बाजारात यायच्या आधी गोळी निरोगी माणसांना देतात, ती रक्तात किती उतरते ते बघतात, आणि त्याचे पैसे देतात. "डरना नक्को रे," तो म्हणाला. "गोली खाना, टीव्ही देखना. आधे पैसे फीस में, आधे फंड में डाल." मोबाइलवर वर चढत जाणारी स्वतःच्या म्युच्युअल फंडाची रेघही त्याने दाखवली. झालं, मी भुललो. घरी सांगितलं, कॉलेजचं शिबिर आहे.

शहराबाहेरच्या त्या इमारतीत संमती नोंदवायला कॅमेऱ्यासमोर बसवून एका डॉक्टरबाईंनी सगळं समजावलं. चक्कर येऊ शकते, क्वचित त्याहून जास्त काही होऊ शकतं, नको वाटलं तर कधीही निघून जा. त्या जितकं नीट सांगत होत्या तितका मी दाराकडे बघत होतो. तरी हो म्हणालो. सगळ्यांना एकसारखे कपडे दिले, छातीवर नंबर. गोळी गिळल्यावर एकाने टॉर्च मारून जिभेखालीसुद्धा बघितलं. गोळी रक्तदाबाची होती, आणि मला रक्तदाबाचा त्रासच नव्हता. हातात सुई तशीच ठेवलेली, थोड्या थोड्या वेळाने येऊन नळी भरून रक्त न्यायचे. शेजारच्या खाटेवरचा माणूस मजेत सिनेमा बघत होता. मी आपला नाडी धरून बसलेलो, जरा ठोका इकडेतिकडे वाटला की आता संपलं, असं व्हायचं. आईला काय सांगतील, कोण सांगेल, हेच डोक्यात.

झालं काहीच नाही. पैसे खात्यात आले, फी भरली, उरलेले फंडात टाकले. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून घरात वावरत होतो. एका सकाळी बाबांनी गॅसचं सिलिंडर आत घ्यायला हाक मारली. उचलायला म्हणून सवयीने बाही वर सारली आणि त्यांनी माझं मनगटच धरलं. कोपराच्या आत सगळं काळंनिळं, सुईच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या.

"कधीपासून घेतोस?" त्यांनी विचारलं. आमच्या गल्लीतला एक मुलगा नशेपायी गेला होता, त्यामुळे ते काय समजले ते मला लगेच कळलं. मग मित्रापासून सगळं खरं सांगण्यावाचून इलाज नव्हता. सांगताना मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. आता हे हात उगारणार, आईला हाक मारणार.

त्यांनी माझी बाही खाली ओढली, बटण लावलं.

"किती देतात?"

मी सांगितलं. त्यांच्या हल्लीच्या महिन्याच्या पगारापेक्षा ते जास्त होते.

"जेवायला?"

"देतात."

"दुखतं?"

"फारसं नाही."

मग स्वतःच्या कोपराच्या आतली शीर अंगठ्याने दाबत ते हळूच म्हणाले, "वयाची अट काय असते रे?"

अट पंचेचाळीसपर्यंतची होती. बाबांना त्रेचाळिसावं चालू होतं. त्या खाटेवर मी इतका घाबरलो नव्हतो.

"तीस," मी म्हणालो.

"बरं," म्हणाले आणि सिलिंडर आत घेऊन गेले.

तो मित्र घरी येतो म्हणाला की मी हल्ली काहीतरी कारण काढतो. बाबा त्याला विचारतील, आणि तो बिचारा खरं सांगून बसेल.